आईच्या नावाची रजा

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात पूर्वी एक मंगल कार्यालय होतं. मग लोक लग्नं लॉनवर करायला लागले, कार्यालय ओस पडलं, आणि माईंनी ती जागा भाड्याने घेऊन तिथे मोठ्या वयाच्या मतिमंदांसाठी निवास सुरू केला. भिंतींना रंग लागला, संडास वाढले, पण दारांवरच्या पाट्या काढायला कुणालाच सवड झाली नाही. त्यामुळे आजही तिथे बायका ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत झोपतात, पुरुष ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत, आणि ज्या स्टेजवर नवरा-नवरी घाम पुसत फोटोला उभे राहायचे तिथे सकाळचा व्यायाम होतो. “वरपक्षात उलटी झालीये, फडकं आणा” ही हाक रस्त्यावर ऐकून नवा माणूस थबकतो. आम्ही गल्लीतले लोक मान वर करत नाही. वरपक्षाचं काही ना काही चालूच असतं.

वधूपक्षातली राजसी मात्र या जागेचा मूळ धर्म विसरलेली नाही. चाळिशी ओलांडलेली ही बाई रोज केसांत प्लॅस्टिकची फुलं माळून दारात उभी असते आणि येईल त्याला विचारते, “लग्न कोणाचं?” गॅसवाल्याला, डॉक्टरला, वीजबिलवाल्याला, सगळ्यांना. उत्तर काहीही द्या, तिला आनंदच होतो.

इथे राहणाऱ्या सगळ्यांना ‘मुलं’ म्हणतात. सगळ्यात धाकट्या मुलाला टक्कल आहे. आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना ‘मावशी’ म्हणतात, मग मावशी मुलापेक्षा दहा वर्षांनी लहान का असेना.

त्या मावश्यांपैकी एक वेणू. बदलापूर गावातली, आगरी समाजातली. सासरची शेती होती, ती बिल्डरांना विकून झाली. त्या पैशाची गाडी आली, गाडी जुनी झाली, आणि वेणू कामाला लागली. अंगाने आडवी, चालीने संथ, आणि चेहरा असा, की घरात चोर शिरला तर तिच्याकडे बघून त्यालाच वाटावं, आपण आपल्याच घरी आलोय. आधी ती अशी नव्हती म्हणे. तिची मैत्रीण नूतन सांगते, “पहिल्या वर्षी ही रोज रडायची. मुलं बघून रडायची, त्यांचे आईबाप बघून रडायची. मी म्हटलं, ए बाई, पाणी जपून वापर, टँकर लागेल.”

मग रडणं थांबलं. कधी थांबलं ते कुणी पाहिलं नाही. एकदा एका मुलाने वेणूच्या दंडाला कडकडून चावा घेतला. सगळ्या ओरडल्या. वेणू आपल्याच दंडाकडे अशी बघत राहिली, जणू तो बाजारात टांगलेला आहे आणि घ्यावा की नाही याचा विचार चाललाय. कुणाला फीट आली की ती हातातला चहा खाली ठेवते, त्याला कुशीवर करते, डोक्याखाली टॉवेल सारते, फीट ओसरेपर्यंत बसते, पुसते, कपडे बदलते, आणि परत येऊन तोच चहा पिते. गार झालाय अशी तक्रारसुद्धा करत नाही. नूतन तिला ‘बर्फाची लादी’ म्हणते, आणि दुखलंखुपलं की तिच्याच मांडीवर डोकं ठेवते.

कामाची वेळ दिवसपाळीची आहे. पण रात्रपाळीची मावशी आली नाही तर दिवसपाळीचीच रात्र होते, आणि ती बऱ्याचदा येत नाही. मुलांचे नातेवाईक महिन्यातून एकदा येतात, हात जोडतात आणि म्हणतात, “तुम्ही देवाचं काम करताय हो.” हे वाक्य माईंना फार आवडतं. माई निवृत्त मुख्याध्यापिका. मन सोन्याचं, आवाज शाळेच्या घंटेचा. रजा मागायला गेलं की त्या हेच वाक्य चष्म्यासकट समोर ठेवतात: “देवाच्या कामाला रजा असते का गं?”

नूतन उल्हासनगरची, कॅम्पात सिंध्यांच्या दुकानात वाढलेली. ती काय ऐकून घेणार? “माई, देव पण आषाढात झोपतो तो कार्तिकात उठतो. चार महिने फुल पगारी.”

माई हसल्या. रजा दिली नाही.

पण या कडेकोट किल्ल्याला एक चोरवाट होती. माई सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या. स्टेजच्या कोपऱ्यात त्यांचं देवघर आहे आणि सगळा निवास त्याच्या आशीर्वादावर चाललाय अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे सुतक असलेल्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही. ताप चालतो, कंबर चालते, पोराची परीक्षा चालते. सुतक चालत नाही. सासरकडचं माणूस गेलं तर दहा दिवस, माहेरचे आईबाप गेले तर लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस. माईंना हे पाठ होतं आणि थोड्याच दिवसांत मावश्यांनाही झालं. जिची पाठ धरे, जिच्या भाचीची हळद असे, तिच्या घरचं कुणीतरी मरे. नूतनने आपले तीन चुलत दीर असेच लागोपाठ पोचवले. त्यातला एक पुढे निवासात नळ दुरुस्त करायला आला. “हा चौथा,” नूतनने सांगितलं.

वेणूने हे कधी केलं नव्हतं. तिला खोटं बोलता येत नाही असं नाही. तेवढा उत्साहच नव्हता.

वरपक्षात अनीश नावाचा एक मुलगा आहे. पस्तिशीचा, उंचापुरा, जाडजूड. बोलत नाही आणि वेणूशिवाय कुणाच्या हातचं जेवत नाही. वेणू त्याच्या डाव्या बाजूला बसते, भाताचा लहान गोळा करते, “आ कर” म्हणते, घास गेला की गिळेपर्यंत थांबते, पदराने हनुवटी पुसते, मग पुढचा. घाई केली की तो तोंड मिटतो आणि दिवसभर उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी हाच अनीश मोरीत पडला. वेणूने त्याला एकटीने उचललं, कारण उचलायला दुसरं कुणी नव्हतं. अनीश उठला, वेणूची पाठ बसली.

ती वाकडी होऊन माईंकडे गेली. माईंनी मायेने तेल दिलं. “कुणाला ठेवू गं तुझ्या जागी? अनीश जेवेल का?”

त्या संध्याकाळी नूतनने माईंना फोन लावला आणि वेणूची आई मारली.

आईच का, याचंही उत्तर तिच्याकडे होतं. वेणूचं सासर बदलापूर गावात. माई चालत जाऊन सांत्वन करून आल्या असत्या आणि प्रेताने त्यांना चहा दिला असता. आई अंबरनाथच्या पलीकडे खेड्यात, भावाकडे. तिथे कोण जातंय? वेणूने तीन दिवस घेतले आणि तीन दिवस झोपली. परत आली तेव्हा माईंनी तिला जवळ घेतलं. वेणूच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माईंना वाटलं, दुःख खोल गेलंय.

पण माईंचं प्रेम तिथे थांबणारं नव्हतं. निवासात पुण्यतिथीच्या जेवणाची पद्धत आहे: देणगीदार पैसे देतो, मुलांना गोडधोड मिळतं, दाराशी फळ्यावर नाव लागतं. पुढच्या वर्षी त्या तारखेला माईंनी स्वतःच्या खर्चाने शिरापुरी केली आणि फळ्यावर आपल्या शाळकरी अक्षरात लिहिलं, ‘आजचे भोजन कै. गोमीबाई यांच्या स्मरणार्थ.’ वाढायला वेणूच होती. तिने पंगतभर शिरा वाढला, अनीशला भरवला, उरलेला स्वतः खाल्ला.

मग आईला फोन केला. वेणूची आई म्हणजे वेणूच्या अगदी उलट. तोंडात दात नाहीत आणि तोंडाला लगाम नाही.

“मी मेलेली हाय ना गो? मंग मना फोन कशाला करतंस?”

“जेवण होतं आज तुझ्या नावानं.”

“काय केलता?”

“शिरापुरी.”

“शिरा?” म्हातारी खवळली. “मी आगऱ्याची बाय, आन् माज्या नावान शिरा? सुकटीचा तुकरा बी नाय? सांग तुज्या त्या बाईला, असा असल तर मी नाय मरत जा!”

ती शब्दाची पक्की निघाली. पुढे वर्षभर ती फोनवर रोज विचारायची, “काय बोलतात माजे मागं?” आणि खदखदून हसायची. वेणू हसायची नाही, पण फोन ठेवायचीही नाही.

या जानेवारीत एका दुपारी भावाचा, जयदेवचा, फोन आला. आई जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

वेणू वरपक्षात चादरी बदलत होती. तिने फोन ऐकला, हातातली चादर घातली, कोपरे दाबले, आणि नूतनला म्हणाली, “पोट बिघडलंय, जाते घरी.” खरं सांगायचं म्हणजे आधीचं खरं सांगावं लागणार होतं. आधीचं खरं सांगायचं म्हणजे नूतनचे तीनही दीर जिवंत करावे लागले असते. एवढं सगळं तिच्या डोक्यात आलं की नाही देव जाणे. पोट बिघडलंय, एवढंच आलं.

संध्याकाळी भावाच्या गावी सगळं उरकलं. बायका गळ्यात पडून रडत होत्या, वेणू त्यांच्या पाठी थोपटत होती. जयदेव म्हणाला, “ताई, तीन दिवस तरी ऱ्हा. तुझं तेवढंच असतं. आय सारखी बोलायची, मी मेली का माजी वेणू तीन दिवस तरी बसल माज्याजवल.”

“बघते,” वेणू म्हणाली.

बघायचं म्हणजे माईंना विचारायचं. आणि मेलेली आई परत कशी मारायची? सकाळी ती रिक्षात बसून कामावर आली.

राजसी दारात होती. “लग्न कोणाचं?”

“कोणाचं नाही,” वेणू म्हणाली. राजसीला आनंद झाला.

वेणूने आंघोळी घातल्या, डायपर बदलले, दाढ्या केल्या. पोट बिघडलेलं माणूस म्हणून नूतनने तिला ओवा आणून दिला, तो तिने खाल्ला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग माई स्टेजवरून म्हणाल्या, “वेणू, माझे हात पिठाचे आहेत गं. देवाजवळ दिवा लाव.”

वेणू गेली. काडी ओढली. आणि हात तिथेच राहिला.

ज्या हाताने तिने स्वतःच्या जित्याजागत्या आईचं श्राद्ध वाढलं होतं, तो हात सुतकात दिवा लावेना. तिने तो पुढे ढकलून पाहिला असावा. काडी बोटापर्यंत जळत आली.

“अगं लाव की!”

“मला चालत नाही, माई.”

माईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग आवाज खाली आणून, म्हणजे शेजारच्या दोनच इमारतींना ऐकू जाईल एवढा करून, म्हणाल्या, “या वयात? अजून?”

“तसं नाही. आई गेली.”

माईंचा चेहरा विरघळला. पिठाच्या हातांनीच त्यांनी वेणूला जवळ घेतलं. “मला ठाऊक होतं. कधीतरी बाहेर पडणारच ते. तेव्हा तू एक थेंब काढला नाहीस. दोन वर्षं आत धरून ठेवलंस! रड हो. रडून घे.”

वेणू रडली नाही. पाठीवर पिठाचे पंजे घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, “तेव्हा गेली नव्हती. काल गेली.”

नूतनने दारातूनच कपाळावर हात मारला.

माईंनी तिला हातभर लांब धरलं. “मग तेव्हा काय झालं होतं?”

“पाठ.”

“अगं, मग सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं होतं. तेल दिलंत तुम्ही.”

एवढ्यात आवाज ऐकून माईंचा मुलगा श्रीपाद आला. निवासाचं बाहेरचं सगळं हा बघतो. माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीत तोडगा दिसतो आणि तोडगा दिसला की माणूस दिसत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण आईची रजा तर दिलेली आहे आपण. एकदा.”

“श्रीपाद!” माई म्हणाल्या.

“तसं नाही गं, मी आपलं नियमाचं बोलतोय. दुसरी मावशी गावाला गेलीये. ही गेली तर वरपक्षात कोण? अनीश तीन दिवस उपाशी राहील?”

“सुतक आहे! ही सकाळपासून स्वयंपाकघरात हिंडतेय. सगळं शिंपडून घ्यावं लागेल.” माई कासावीस झाल्या. “ती इथे चालणार नाही म्हणजे नाही.”

वेणू दोघांच्या मध्ये उभी होती. क्षणभर असं वाटलं, की माईंचं सोवळं जिंकणार आणि तीन दिवस मिळणार. नूतनने तिची पिशवी खुंटीवरून काढूनही आणली.

मग श्रीपादला तोडगा दिसला.

“स्वयंपाकघर आणि देवघर सोडून. या दोन जागी यायचं नाही, बाकी सगळीकडे चालेल. दिवसा ड्यूटी करायची, संध्याकाळी भावाकडे जाऊन सुतक पाळायचं, सकाळी यायचं. आई, देवाला बाध नाही, अनीशची सोय, हिचं पण झालं.”

“आणि भरवताना? शिवाशीव?”

“अनीशला कसलं सुतक?”

माईंनी विचार केला. मग त्यांनी मान डोलावली. “हो. त्याला बिचाऱ्याला काय.” आणि वेणूच्या गालाला पिठाचा हात लावला, आणि लगेच ‘अरे देवा’ म्हणून तो धुवायला गेल्या.

नूतन पिशवी धरून उभी होती. “वडी साईं,” ती कॅम्पातल्या सिंध्यांच्या थाटात श्रीपादला म्हणाली, “काय डोकं आहे! मेल्यावर तुम्हाला स्वर्गात पण अर्धाच दिवस मिळो.”

श्रीपाद हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

“जा गं तू,” नूतन वेणूच्या कानाशी आली. “चल, निघ. मी बघते अनीशचं. एक दिवस उपाशी राहिला तर मरत नाही.”

वेणूने वरपक्षाच्या दाराकडे पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. अनीश भिंतीला टेकून बसला होता, डाव्या बाजूला जागा सोडून. वेणूने पिशवी परत खुंटीला लावली. त्याग वगैरे काही नव्हता त्यात. पाय तिकडे गेले एवढंच. नूतनने ताट आणून उंबऱ्याशी ठेवलं, कारण वेणूला स्वयंपाकघर बंद होतं. तिने ते सरकवून घेतलं आणि बसली.

संध्याकाळी ती भावाकडे पोचली. अंगणात मांडव होता, ओटीवर बायका बसल्या होत्या. तिला बघताच एक म्हातारी ओरडली, “वेणू आयली गो!” आणि सगळ्यांनी गळे काढले. आपल्याकडे रडण्यालाही पंगत असते. नवीन माणूस आलं की पुन्हा वाढायचं. वेणू त्यांच्यात जाऊन बसली. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, की ही आता सुरू करेल.

तिचं लक्ष मावशीकडे गेलं. आईची धाकटी बहीण, भिंतीला टेकून, समोर शेजाऱ्यांनी आणून दिलेलं डाळभाताचं ताट तसंच. वेणू उठली. मावशीच्या डाव्या बाजूला बसली. भात कालवला, लहान गोळा केला.

“आ कर.”

मावशी बावरली, पण तिने तोंड उघडलं. वेणूने घास दिला. ती गिळेपर्यंत थांबली. पदराने तिची हनुवटी पुसली.

ओटीवरचं रडणं हळूहळू बंद पडलं. बायका बघायला लागल्या. शेवटी जयदेवची बायको संजीवनी जवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “ताई, मावशी हाय ती. तिला जेवता येतं हातानं.”

वेणूने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांत पुढचा घास तयार होता. तो ताटात परत ठेवावा की काय करावं, हे तिला कळलं नाही.

मावशीने पुन्हा तोंड उघडलं. वेणूने घास दिला, आणि ती गिळायची वाट बघत बसली.